नमुना आणि चालू प्रत : वाई येथील मराठी विश्वकोशाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

दीर्घकाळ चालणाऱ्या सामूहिक ग्रंथकार्यात दोन प्रकारचा मजकूर निर्माण होतो. नियम, परिभाषा व लेखनसंकेत ठरवून देणारा मजकूर हा नमुना होय. त्या नमुन्याबरहुकूम सिद्ध होऊन वाचकाच्या हाती पडणारा मजकूर ही चालू प्रत होय. संगणकाच्या आज्ञावलीतही अशीच जोडी आढळते. कॉन्फिगरेशनची नमुना-फाइल सर्वांसाठी एकच असते. तिच्यावरून प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र चालू फाइल तयार होते. पुढे नमुना बदलला आणि चालू फाइल तशीच राहिली, तर दोहोंत विसंवाद निर्माण होतो. वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाच्या वाटचालीतून या प्रश्नाचे ऐतिहासिक स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नमुन्याची सिद्धता

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये साहित्य आणि संस्कृती मंडळ अस्तित्वात आले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. विश्वकोशाचे काम त्यांच्या कर्मभूमीत, वाई येथे सुरू झाले. १९६५ मध्ये परिचय ग्रंथ निघाला. १९७३ मध्ये 'परिभाषा संग्रह' प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर १९७६ मध्ये नोंदींचा पहिला खंड बाहेर पडला. हा क्रम अर्थपूर्ण आहे. विविध विषयांतील इंग्रजी संज्ञांचे मराठी पर्याय आधी निश्चित झाल्याखेरीज शेकडो लेखकांच्या लेखनात एकवाक्यता येणे शक्य नव्हते. लेखनाचा दुसरा नमुनाही तोवर सिद्ध झाला होता. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक चौदा नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली.

वर्णक्रम आणि काळाचे अंतर

विश्वकोशाची मांडणी अकारविल्ह्याने झाली. १९७६ मध्ये 'अ'पासून आरंभ झालेले खंडांचे प्रकाशन विसाव्या खंडाबरोबर २०१५ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे पहिल्या व अखेरच्या खंडांत सुमारे चार दशकांचे अंतर पडले. दरम्यान १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले, १९९१ मध्ये सोव्हिएट संघ विसर्जित झाला आणि संगणक घरोघरी पोहोचला. ज्ञान बदलले तसे त्याची संज्ञाही बदलत गेली. मात्र १९७३ चा छापील संग्रह स्वतःहून बदलणारा नव्हता. कोशाची अक्षरे अनुक्रमाने पुढे सरकत होती; काळ मात्र सर्वच अक्षरांवरून एकदम जात होता.

आज्ञावलीतील रीत

अशा विसंवादाबाबत आज्ञावलीच्या क्षेत्रात काही निश्चित पद्धती रूढ झाल्या. त्यांत तीन गोष्टी तपासल्या जातात : नमुन्यात असून चालू फाइलीत नसलेल्या बाबी, चालू फाइलीत असून नमुन्यातून वगळलेल्या बाबी, आणि दोहोंत असून मूल्याने भिन्न असलेल्या बाबी. पहिल्या दोन बाबतींत बहुधा दुरुस्तीची गरज असते. तिसरी बाब मात्र नेहमीच चूक नसते, कारण स्थानिक गरजेनुसार मूल्य बदलता यावे म्हणूनच चालू फाइल वेगळी ठेवलेली असते. म्हणून डेबियन या प्रणालीत वापरकर्त्याने बदललेल्या फाइलीची नवी आवृत्ती आल्यास ती परस्पर लादली जात नाही. आधी विचारणा होते.

भाषांतराच्या कामात वापरले जाणारे 'गेटटेक्स्ट' हे साधन या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. मूळ वाक्यांची नमुना-फाइल बदलली की जुने अनुवाद तिच्याशी पडताळले जातात. हुबेहूब जुळणारे अनुवाद कायम राहतात. जवळपास जुळणाऱ्यांवर संदिग्धतेची खूण होते आणि माणसाने तपासून ती काढेपर्यंत ते सहसा वापरात येत नाहीत. ज्यांचे मूळच उरले नाही ते कालबाह्य म्हणून बाजूला ठेवले जातात, पण पुसले जात नाहीत.

लिपीचा प्रश्न

विश्वकोश संकेतस्थळावर आल्यानंतर हा प्रश्न अक्षराच्या पातळीपर्यंत पोहोचतो. २००८ मधील युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र संकेतांक मिळाला. तत्पूर्वी ते 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिले जाई. २००९ मध्ये राज्य शासनाने देवनागरी लिपी व वर्णमाला यांच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला. 'ॲ'ची दोन्ही रूपे डोळ्यांना एकसारखी दिसतात. संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात. दोन्ही पद्धतींचे लेखन एकत्र असेल आणि शोधयंत्रणेत त्यांची सांगड घातलेली नसेल, तर एका रूपाने शोधणाऱ्या वाचकाला दुसऱ्या रूपातील नोंद सापडत नाही. नोंद अस्तित्वात असूनही वाचकापुरती ती नाहीशी होते.

समारोप

विसंवाद दूर करण्याचा सोपा मार्ग म्हणजे सर्व जुन्या नोंदी नव्या नमुन्यानुसार सरसकट बदलणे. शोधाच्या सोयीसाठी संकेतांकांचे असे एकरूपीकरण योग्यच होय. परंतु संज्ञा आणि आशय यांबाबत तसे केल्यास इतिहासाचे नुकसान होते. १९७६ मधील नोंद ही त्या काळच्या मराठी ज्ञानव्यवहाराचे साधनही आहे; तिच्यातील संज्ञा निमूटपणे बदलली, तर मराठीने एखादी कल्पना प्रथम कोणत्या शब्दात पकडली हे पुढील अभ्यासकास कळणार नाही. उलट, जुनी नोंद तारखेविना तशीच ठेवली, तर आजचा विद्यार्थी तिलाच आजचे ज्ञान समजेल.

या पेचातून सुटण्याची रीत वाईला अपरिचित नाही. प्राज्ञपाठशाळेच्या धर्मकोशाचे संपादन करताना भिन्न पाठ पुसून टाकले गेले नाहीत. मुख्य पाठ वर आणि पाठभेद तळटीपेत असा क्रम पाळला गेला. ज्ञानमंडळांमार्फत विश्वकोशाच्या नोंदींचे अद्ययावतीकरण होत असताना हेच तत्त्व उपयोगी ठरेल. प्रत्येक नोंदीस तिचे वर्ष जोडावे, परिभाषा बदलल्यास बाधित नोंदींवर खूण व्हावी आणि जुना पाठ उपलब्ध राहावा. नमुना व चालू प्रत यांची पडताळणी ही एकदा करून संपणारी गोष्ट नसून ते संपादनाचे नित्यकर्म आहे.