रुमालांची यादी

दप्तरखान्यांत प्रथम आलेल्या मनुष्यापुढें कागद ठेवीत नाहींत, यादी ठेवितात. कागद किती आहेत, कोणत्या रुमालांत आहेत, कोणत्या खात्याचे आहेत आणि ते पाहण्याची त्यास मोकळीक आहे कीं नाहीं, एवढें त्या यादीवरून कळतें. कागदांत काय लिहिलें आहे तें मात्र कळत नाहीं. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं तिजविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत भिवंडी तालुक्यांतील कोन ह्या गांवीं एका विद्यार्थ्याच्या घरीं बसलों असतां ह्याच उघड गोष्टीनें प्रस्तुत लेखकास पेंचांत टाकलें, म्हणून तिचा थोडा इतिहास येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून खाडीपलीकडे उतरलें म्हणजे कोन लागतें. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण आणि भिवंडी हस्तगत केली, तेव्हांपासून ह्या दोन पेठांमधला प्रदेश मराठ्यांच्या कागदांत वारंवार येऊं लागतो. आज त्या वाटेच्या दोहों अंगांस गुदामें उभीं आहेत आणि मालमोटारींच्या रांगांतून पायीं चालणाऱ्यास वाट काढावी लागते. अशाच एका गुदामांत यंत्रावर मालाच्या याद्या ठेवण्याचें काम करणारा हा विद्यार्थी. त्याच्या घरीं खाडीकांठच्या खाजणासंबंधीं जुन्या कागदांचा एक रुमाल होता. कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेच्या लोकांनीं येऊन त्यांतील कागदांचीं दोनशें बारा छायाचित्रें घेतलीं. मग कागद टिकावेत म्हणून घरच्या मंडळींनीं ते आकाराप्रमाणें वेगळे करून प्लास्टिकच्या पाकिटांत घातले. हेतु चांगला होता; पण रुमालांतील मूळ क्रम त्या दिवशीं मोडला.

क्रम मोडला म्हणून काय बिघडलें, असें वाचकांपैकीं कोणी विचारील. मराठी पत्रांशीं ज्याचा संबंध आला आहे त्यास हें सांगावें लागणार नाहीं. आपल्या पूर्वजांच्या पत्रांत चंद्र असतो, तिथि असते, पत्र पोंचल्याची नोंदही पुष्कळदां असते. नसतें तें वर्ष. लिहिणारास तें ठाऊक होतें आणि वाचणारासही ठाऊक होतें, तेव्हां लिहिण्याचें कारण त्यांस दिसलें नाहीं. अशा पत्राचें वर्ष ठरवितांना तें कोणत्या दोन कागदांच्या मध्यें बांधलेलें होतें हा पुरावा कित्येकदां मजकुराहून मोलाचा ठरतो. सदर रुमालांत खाजणाच्या बांधाची दुरुस्ती कोणीं किती करावी ह्याविषयीं गांवकऱ्यांनीं केलेला एक मोडी करार होता, आणि त्यावर मास व तिथि होती, पण शक नव्हता. त्याच्या वरचा आणि खालचा कागद कोणता, एवढें कळलें असतें तर काम झालें असतें.

"सर, चित्रें घेतलीं त्या वेळेवरून क्रम लावतां येईल," असें विद्यार्थी म्हणाला, आणि त्यानें संगणकाच्या काळ्या पडद्यावर दोनच अक्षरें लिहिलीं: 'एल' आणि 'एस'. पुढें एक आडवी रेघ आणि पुन्हां 'एल'. लागलीच पडद्यावर यादी उतरली.

ही यादी ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं तिचें थोडें वर्णन करतों. प्रत्येक फाइलीस एक ओळ. ओळीच्या आरंभीं दहा चिन्हांचा पुंजका. पहिलें चिन्ह ती फाइल आहे कीं फाइली ठेवण्याचा कप्पा आहे हें सांगतें. उरलेल्या नवांपैकीं तीन मालकास, तीन त्याच्या गटास आणि तीन इतर सर्वांस काय करण्याची मोकळीक आहे तें सांगतात, म्हणजे वाचण्याची, लिहिण्याची, चालविण्याची. पुढें त्या फाइलीस किती नांवें आहेत तो आंकडा, मग मालक, गट, बाइटांत मोजलेला आकार, तारीख आणि सर्वांत शेवटीं नांव. तारखेची एक गंमत आहे. फाइल सहा महिन्यांच्या आंतील असली तर यादी तास व मिनिट सांगते. त्याहून जुनी असली तर तास-मिनिट गाळून वर्ष सांगते. आमच्या पूर्वजांनीं नेमकें वर्षच गाळलें होतें!

ह्या दोन अक्षरांची वंशावळ अमेरिकेंतील आहे. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत एकाच यंत्रावर अनेकांनीं एके वेळीं काम करण्याची व्यवस्था १९६१ सालीं प्रथम दाखविण्यांत आली. तींत प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवाव्या लागत, आणि ज्यानें त्यानें आपल्या काय आहेत हें विचारावें यासाठीं 'लिस्ट-एफ' असा एक हुकूम होता. त्या व्यवस्थेची वारस जी 'मल्टिक्स', तींत 'लिस्ट' हा हुकूम आला आणि त्याचें आंखूड नांव 'एलएस' पडलें. बेल प्रयोगशाळा १९६९ सालीं मल्टिक्सच्या कामांतून बाहेर पडली. तेथील केन टॉमसन व डेनिस रिची ह्यांनीं लहान यंत्रावर 'युनिक्स' उभारली आणि हीं दोन अक्षरें बरोबर आणलीं. ३ नोव्हेंबर १९७१ ह्या तारखेच्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेंत 'एलएस' आहे, लांब यादीचा 'एल' आहे, आणि नव्या फाइली आधीं दाखविणारा 'टी' हि आहे. हुकूम इतके आंखूड कां, ह्याचें एक कारण तेव्हांच्या टंकयंत्रांत आहे. प्रत्येक अक्षर दाबण्यास बोटांस श्रम पडत आणि छापून येण्यास वेळ लागे.

नांवाप्रमाणें लावलेली यादी आणि काळाप्रमाणें लावलेली यादी हा भेद आपल्यास परका नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत रोजकीर्द आहे आणि घडणी आहे. रोजकीर्दींत दिवसामागून दिवस जमाखर्च व हुकूम टिपलेले. घडणींत तेच विषय खात्याखात्यांनीं वेगळे काढून लिहिलेले. मनुष्याचें नांव ठाऊक असेल तर घडणी पाहावी, दिवस ठाऊक असेल तर रोजकीर्द. पेशवाईंतील कारकुनास घडणी तयार करण्यास महिनोन् महिने बसावें लागे; यंत्र एका अक्षराच्या फरकानें तीच उलथापालथ क्षणांत करतें. ह्याच दप्तराचे १८५२ नंतर इनाम कमिशनाच्या कामासाठीं पुन्हां शोध झाले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं १९३० ते १९३४ ह्या अवधींत त्यांतून पंचेचाळीस खंड निवडून प्रसिद्ध केले. हजारों रुमालांतून निवड करणाऱ्यास आधीं त्या रुमालांच्या याद्यांवर किती विसंबावें लागलें असेल, ह्याची कल्पना खंड वाचणारांस क्वचितच असते.

शब्दांचें कूळही सारखेंच आहे. 'दप्तर' हा शब्द फारशींतून आला, आणि त्याचें मूळ ग्रीक भाषेंतील कातड्याच्या शब्दाशीं जाऊन भिडतें. 'फाइल' चें मूळ लॅटिन भाषेंतील दोऱ्याच्या शब्दांत आहे. कागद दोऱ्यांत ओंवून ठेवीत म्हणून तें नांव. वाण्याच्या दुकानीं तारेंत टोंचलेल्या पावत्या ज्यानें पाहिल्या आहेत त्यास फाइल म्हणजे काय हें निराळें शिकवावें लागत नाहीं. तारेंतला क्रम हाच काळाचा क्रम.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. युनिक्समध्यें फाइलीचें नांव एके ठिकाणीं असतें आणि तिची बाकीची माहिती दुसऱ्या ठिकाणीं, एका क्रमांकाच्या नोंदींत असते. त्या नोंदीस 'आयनोड' म्हणतात. त्यांतील 'आय' चा अर्थ काय, असें रिची ह्यांस विचारलें तेव्हां आपणांसही तें नक्की ठाऊक नाहीं, बहुधा 'इंडेक्स' असावें, असें त्यांनीं मोकळेपणें सांगितलें. १९७१ च्या व्यवस्थेंत ही नोंद अवघ्या ३२ बाइटांची होती, आणि तींत दोन काळ लिहिलेले असत: फाइल निर्माण झाली तो, आणि ती शेवटीं बदलली तो. पुढें थोड्याच वर्षांत निर्मितीचा काळ नोंदींतून गेला आणि त्याच्या जागीं फाइल शेवटीं वाचली तो काळ आला. १९७९ च्या सातव्या आवृत्तींत तिसरा काळ आला, तो नोंद बदलल्याचा. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरामुळें पुष्कळांस तो अद्यापि जन्मकाळच वाटतो. लिनक्समध्यें जन्मकाळ विचारण्याची सर्वसामान्य सोय २०१७ सालीं झाली. कारणें कांहींहि असोत, इतिहासाच्या अभ्यासकास ही अदलाबदल रुचणारी नाहीं. कोण शेवटीं वाचून गेला हें ठेवावें आणि कधीं जन्मला हें टाकावें, असा दप्तरदार आपण ठेवला नसता.

ह्या बाबतींत तलाठ्याचें दप्तर यंत्रापेक्षां सरस म्हटलें पाहिजे. सातबाऱ्यावर आज कोणाचें नांव आहे तें दिसतें, पण तें कसें आलें हें पाहावयाचें झाल्यास फेरफाराचा क्रमांक तेथेंच दिलेला असतो, आणि फेरफाराच्या वहींत खरेदी, वारस, वांटप अशी प्रत्येक घडामोड तारखेसह उभी असते. 'एलएस' च्या यादींत शेवटचा फेरफार तेवढा दिसतो. मागचे सर्व पुसलेले.

आमच्या दोनशें बारा चित्रांचें तेंच झालें होतें. यादींत सर्वांची तारीख एक, आणि वेळ एका संध्याकाळच्या चार मिनिटांतली. चार मिनिटांत दोनशें बारा कागद उलगडून टिपणें कोणास शक्य नाहीं. चित्रें एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवितांना साधी नक्कल केली गेली, आणि नक्कल झाली तो क्षणच प्रत्येकीचा काळ म्हणून लिहिला गेला. नकलेच्या हुकुमापुढें 'पी' हें एक अक्षर घातलें असतें तर मूळ काळ राहिला असता. त्यांतच कोणीतरी चित्रांचीं नांवेंही बदलून 'पावती', 'कर्जरोखा', 'करार' अशीं विषयवार ठेवलीं होतीं. ज्यानें हें केलें त्यानें घडणी केली आणि रोजकीर्द जाळली.

विद्यार्थ्यानें मात्र धीर सोडला नाहीं. छायाचित्राच्या पोटांत कॅमेरा स्वतः वेळ टिपून ठेवतो, ती यादींत दिसत नाहीं आणि नकलेनें बदलत नाहीं. ती काढून पाहतां सर्व चित्रें १ जानेवारी २००८ चीं निघालीं, म्हणजे कॅमेऱ्याचें घड्याळ कोणीं लावलेंच नव्हतें. तरी क्रमास त्यानें बाध येत नव्हता. परंतु मध्यंतरीं कॅमेऱ्याची बॅटरी काढली असावी. घड्याळ पुन्हां आरंभापासून चालूं झालें होतें, आणि दोन मालिका एकमेकींत मिसळल्या होत्या. त्या वेगळ्या करण्यास यंत्राचा उपयोग झाला नाहीं. कांहीं चित्रांत कागदाखालीं हिरवें कापड दिसतें, कांहींत उघडें टेबल. कापडाच्या मालिकेंत पहिलें चित्र बांधलेल्या रुमालाचेंच आहे, तेव्हां ती आधींची.

अशा रीतीनें दोनशें नऊ कागद आपल्या जागीं बसले. बांधाचा करार शके १७८९ आणि शके १७९२ च्या सारापावत्यांच्या मध्यें आला. पावत्यांचा तो भाग शकाच्या क्रमानेंच लागलेला असल्यामुळें करार इ. स. १८६७ ते १८७० च्या सुमाराचा धरण्यास हरकत दिसत नाहीं. त्यांत बांधाचे जे वांटे दिले आहेत त्यांचा तपशील निराळ्या लेखांत देईन.

तीन चित्रें मात्र राहिलीं. त्यांच्या कडा कोणीतरी कातरून सारख्या केल्या, आणि त्या वेळीं पोटांतली नोंद गेली. त्यांपैकीं एक वारसांच्या भांडणाविषयीं आहे, त्यावर शकही नाहीं आणि तिथीही नाहीं. चित्रें घेणाऱ्या गृहस्थांकडे कॅमेऱ्यांतलें मूळ कार्ड अजून असेल तर कातरण्यापूर्वींचीं चित्रें सांपडतील, म्हणून विद्यार्थी त्यांच्या शोधांत आहे. ते आतां कल्याणांत राहत नाहींत, एवढेंच त्याला आजवर कळलें आहे.