कारणाच्या रकान्यात गांजा

रत्नागिरीचं वेड्यांचं इस्पितळ 1886 सालचं. आमच्या लहानपणी पोर हट्टाला पेटलं की बायामाणसं म्हणायची, "गप ऱ्हा, नायतर रत्नागिरीला धाडीन." या इस्पितळाच्या काळाचा आणि गांजाच्या सरकारी दुकानांचा एक जुना संबंध आहे. तो फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

तेव्हा गांजा, भांग, अफू सगळं मक्त्यावर विकलं जाई. मक्त्याचा लिलाव व्हायचा, मालावर कर बसायचा, दुकानदाराकडे परवाना असायचा. आमच्या मुंबई इलाख्यात गांजा पिकायचा तो घाटावर, नगरकडे. कोकणात जास्त बोलबाला माडीचा. 1878 च्या आबकारी कायद्याने माड छेवायचा तर झाडामागे कर आला आणि भंडाऱ्यांच्या पोटावर पाय आला. म्हणजे सरकारचा हात झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचलेलाच होता.

मग विलायतेच्या पार्लमेंटात काही सभासदांनी ओरड केली, की हिंदुस्थानात सरकार गांजावर पैसा कमावतं आणि लोक वेडे होतात. म्हणून 1893 मध्ये एक कमिशन नेमलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, एकूण सात सभासद, त्यांतले तीन आपले हिंदी. त्यांनी 1193 साक्षी घेतल्या. कलेक्टर, डॉक्टर, वैद्य, हकीम, मिशनरी, व्यापारी, सगळ्यांना विचारलं.

पण मला त्यांचं खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कामाचं. 1892 या एका वर्षात देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत जे रोगी आले, त्यांच्या नोंदी त्यांनी पुन्हा तपासायला लावल्या. गांजामुळे वेड लागलं अशा नोंदी दोनशेच्या वर होत्या. तपासल्यावर निम्म्यासुद्धा टिकल्या नाहीत. कारण काय, तर रोग्याबरोबर एक छापील फॉर्म यायचा. त्यात वेडाचं कारण लिहायचा रकाना. तो भरणार पोलीस. रस्त्यावर सापडलेल्या माणसाचं घरदार माहीत नाही, पूर्वी काय झालं माहीत नाही. पण रकाना मोकळा ठेवून चालत नाही. मग लिहा गांजा! वरच्या साहेबाने तेच रजिस्टरात उतरवलं, आणि अशा रजिस्टरांच्या बेरजा पार्लमेंटापर्यंत गेल्या.

1894 च्या अहवालात कमिशन म्हणालं, बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, अति करणाऱ्याचं बिघडतं. सरसकट बंदी नको, परवाना, कर आणि दुकानांवर नजर ठेवा. यात सरकारचा महसूलही सांभाळला गेला, हे विसरायचं नाही. तरीपण आधी साक्षी आणि मग निकाल, ही रीत चांगली होती.

आमचे एक चुलत आजोबा वैद्यकी करीत. भांगेला ते कधी भांग म्हणत नसत, विजया म्हणत. जुनाट हगवणीवर जातीफलादि चूर्ण देत. त्यात जायफळ, लवंग, वेलची, दालचिनी आणि ही विजया. जायफळ आमच्या वाडीतलं, विजया तालुक्याच्या ठेक्यावरची. पाला धुवून, वाळवून, तुपावर परतून मगच वापरायचा. 1949 चा दारूबंदी कायदा आला, त्यात भांगही धरली. परवान्याशिवाय घरात ठेवणं गुन्हा झाला. आजोबांनी कागदांच्या भानगडीत न पडता ते चूर्णच बंद केलं.

पुढे 1985 चा अंमली पदार्थांचा कायदा आला. त्याने गांजा आणि चरस धरले. नुसता पाला आणि बी व्याख्येबाहेर ठेवलं. औषधासाठी आणि संशोधनासाठी वाटही ठेवली. कलम 10 प्रमाणे राज्य सरकार परवाने देऊ शकतं. भांग घातलेली आयुर्वेदिक औषधं आजही परवान्याने बनतात, वैद्याच्या देखरेखीखाली घ्या अशी सूचना त्यांच्यावर छापावी लागते. तेव्हा वाट आहे, पण अरुंद.

अरुंद वाटेवर काय होतं ते मी पाहिलंय. 1998 साली माझ्या चुलत भावाला तोंडाचा कॅन्सर झाला. डॉक्टरने मॉर्फिन लिहून दिलं. तेही याच कायद्याखालचं. जवळच्या एका इस्पितळात म्हणाले, "आम्ही ठेवत नाही, परवान्यांची कटकट फार." आम्ही रात्रीच्या एसटीने मुंबई गाठायचो. गोळ्या हातात पडून घरी येईपर्यंत दोन रात्री तो उशी दातात धरून काढायचा. कायद्याने औषध बंद केलं नव्हतं, नुसते कागद वाढवले होते. 2014 साली कायदा दुरुस्त करून अशा औषधांचे नियम देशभर एकसारखे केले. भाऊ तोवर राहिला नव्हता.

आता जग पुन्हा इकडे वळतंय. कॅलिफोर्नियात 1996 पासून डॉक्टरच्या शिफारशीने गांजा औषध म्हणून मिळतो. 2020 साली संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं मतदान झालं, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. म्हणून उद्या गावोगाव दुकानं उघडा, असं मी म्हणणार नाही. गांजापायी शाळा सोडलेली पोरं आमच्याही वाडीत आहेत. त्यांच्या आयांना अहवाल वाचून दाखवून उपयोग नाही.

पण त्या आयांची साक्ष घ्या आणि दुखण्याने तळमळणाऱ्यांचीही घ्या. कायदा करणाराने दोन्ही ऐकावं, आणि माहीत नसेल तिथे रकाना मोकळा ठेवावा.