विसंवादी घर आणि हसणारा प्रेक्षक : मराठी नाटक-चित्रपटांतील कौटुंबिक विनोदाचा ऐतिहासिक वेध

प्रस्तावना

मोडकळीस आलेल्या कुटुंबाकडे पाहून समाजाला हसू का येते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षित राहिला आहे. मराठी समीक्षेने कौटुंबिक नाटकाचा विचार प्रामुख्याने करुण रसाच्या अंगाने केला. विनोदाला तिने बहुधा 'उपकथानक', 'विरंगुळा' किंवा 'प्रेक्षकानुनय' अशा खात्यांवर टाकले. वस्तुतः हिंसा, लोभ, व्यसन आणि वंचना यांनी पोखरलेल्या घरांचे चित्रण करणाऱ्या मराठीतील महत्त्वाच्या कलाकृतींत विनोद केवळ तोंडी लावण्यापुरता येत नाही. त्या घरात कोणाला हसावयाचे, कोणाला हसावयाचे नाही आणि कोणाला स्वतः हसण्याची मुभा आहे, हे ठरविताना त्या त्या काळाने कुटुंबातील सत्तेची वाटणीच उघड केलेली दिसते. प्रस्तुत निबंधात या वाटणीचा मागोवा काही निवडक नाटके व चित्रपट यांच्या आधारे घेतला आहे.

'शारदा' : थट्टेचा धनी आणि थट्टेबाहेरची वधू

गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी आठच वर्षे, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले होते आणि त्या वादाने महाराष्ट्रातील सुशिक्षित समाज दुभंगला होता. या पार्श्वभूमीवर देवलांनी पंच्याहत्तरीला पोहोचलेला धनिक भुजंगनाथ, पैशासाठी पोटची मुलगी देऊ करणारा कांचनभट आणि हा सौदा जमविणारा भद्रेश्वर दीक्षित अशी त्रयी उभी केली. नाटकातील जवळजवळ सर्व विनोद या तिघांवर उभारलेला आहे. तरुण दिसण्याची म्हाताऱ्याची धडपड, मध्यस्थाची चतुराई आणि बापाची हाव यांवर प्रेक्षक मनसोक्त हसतो. शारदेच्या मैत्रिणीही या नवरदेवाची यथेच्छ थट्टा करतात.

मात्र शारदा स्वतः हसत नाही, आणि तिला कोणी हसतही नाही. मैत्रिणींची थट्टा प्रेक्षकाला सुखावते. शारदेच्या दृष्टीने ती तिच्या भवितव्याची आगाऊ वर्दी असते. एकाच वाक्यावर सभागृहात हशा आणि रंगमंचावर भीती, अशी ही रचना आहे. देवलांच्या नाट्यदृष्टीचे मोठेपण या एका योजनेतही ओळखू येते. आई इंदिराकाकूचा विरोध खरा असला तरी त्या घरात तो निष्प्रभ आहे, त्यामुळे थट्टा हेच मुलींच्या हाती उरलेले एकमेव साधन ठरते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भुजंगनाथाचे लग्न अखेर मोडते ते वधूवर सगोत्र असल्याच्या मुद्द्यावर. वयाचे अंतर किंवा मुलीची अनिच्छा यांपैकी एकही कारण ते लग्न थांबवू शकत नाही. ज्या धर्मशास्त्राच्या आडोशाने हा बाजार भरला होता, त्याच धर्मशास्त्राच्या तांत्रिक कलमाने तो उठतो. नाटकातील सर्वांत बोचरा उपहास हाच असला, तरी यावर सहसा कोणी हसत नाही. पुढे १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो हरविलास सारडा यांच्या नावावरून ओळखला जात असूनही मराठी लोकव्यवहारात 'शारदा कायदा' हेच नाव रूढ झाले. नावाच्या या गमतीदार सरमिसळीतून नाटकाचा जनमानसावरील ठसा कळून येतो. या कायद्याने वधूचे किमान वय चौदा ठरविले. वधूवरांच्या वयातील अंतराला मात्र हात लावला नाही.

देवलांचेच 'संशयकल्लोळ' (१९१६) या दृष्टीने उलट टोकाचे आहे. मोलियरच्या प्रहसनावरून आर्थर मर्फी यांनी इंग्रजीत बेतलेल्या नाटकाचा आधार त्याला आहे. फाल्गुनराव व कृत्तिका यांच्या संसारात परस्परविश्वासाचा लवलेश नाही. पण संशय निराधार असल्याचे प्रेक्षकाला आरंभापासून ठाऊक असल्याने तो निर्धास्तपणे हसतो. घर मोडत नाही, मोडल्यासारखे भासते. मराठी फार्सने पुढे दीर्घकाळ हीच सुरक्षित वाट चोखाळली.

'एकच प्याला' : एक व्यसन, दोन घरे

राम गणेश गडकरी हे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी संप्रदायातले. 'बाळकराम' या नावाने त्यांनी विपुल विनोदी लेखन केले. त्यांचे 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास सादर केले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकऱ्यांचे निधन झाले होते, आणि नाटकातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचलेली होती.

बुद्धिमान पण मानी वकील सुधाकर न्यायालयातील अपमानाने व सनद रद्द झाल्याने खचतो आणि कारकून तळीरामाच्या संगतीने दारूच्या आहारी जातो. पुढे पत्नी सिंधू दळणकांडण करून संसार ओढते, नशेतल्या सुधाकराच्या हातून तान्हे मूल मरते आणि सिंधूही वाचत नाही. इतक्या काळ्याकुट्ट कथेत तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' धुमाकूळ घालते. त्या काळातील सभा, मंडळ्या, ठराव आणि व्याख्याने यांचे ते हुबेहूब विडंबन आहे. सुधारणेसाठी समाज ज्या भाषेत बोलत होता, तीच भाषा येथे दारूच्या समर्थनार्थ वापरली जाते, आणि ती तितकीच तर्कशुद्ध वाटते. मद्यपाननिषेधाचे नाटक लिहिताना गडकऱ्यांनी युक्तिवादाची सारी धार मद्यपींच्या पदरात घातली, सद्वर्तनी रामलालला लांबलचक भाषणे दिली, आणि प्रेक्षकाने कोणाचे ऐकावे हा निर्णय जणू त्याच्यावरच सोपविला.

या विनोदावर 'बोधाला मारक' असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णतः अमान्य करता येत नाही, कारण मंडळाचे प्रवेश बाजूला काढून निव्वळ करमणूक म्हणून त्यांचा आस्वाद सहज घेता येतो. परंतु व्यसनाधीन माणसाचे घर प्रत्यक्षात कसे चालते, हे या प्रवेशांशिवाय समजलेही नसते. सुधाकर दारूकडे ओढला जातो तो दुःखाच्या वर्णनांनी नव्हे. तेथे हशा, बरोबरीचे नाते आणि विसावा आहे म्हणून. त्याच्या घरात यांपैकी काहीच उरलेले नाही. तळीरामाचा विनोद हे सुधाकराच्या अधःपाताचे कारणच आहे, आणि त्याला हसणारा प्रेक्षक काही काळ त्याच मंडळाचा सभासद होतो.

अधिक खोलवर पाहता नाटकात दारूने उद्ध्वस्त होणारी घरे दोन आहेत. तळीरामालाही बायको आहे, गीता. तिचे हाल सिंधूपेक्षा कमी नाहीत. तरीही तळीराम-गीता यांचा कलह विनोदाच्या अंगाने येतो, तर सुधाकर-सिंधू यांचा शोकाच्या अंगाने. वकिलाचे घर मोडले की शोकांतिका आणि कारकुनाचे मोडले की प्रहसन, ही विभागणी संस्कृत नाट्यपरंपरेतील नायक-विदूषक संकेताशी जुळणारी असली, तरी तिच्यात त्या काळच्या वर्गभावनेचाही मोठा वाटा आहे. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्वांनी मिळविलेल्या लोकप्रियतेमुळे तिच्या सहनशीलतेला एक वलय प्राप्त झाले. ती नवऱ्याचा अपराध अखेरपर्यंत झाकते. गीतेला असे वलय नाही. तिच्या वाट्याला उलट बोलण्याची मोकळीक आली, आणि आजच्या वाचकाला नेमकी तीच अधिक जिवंत वाटण्याचा संभव आहे.

'कुंकू' : वधू हसू लागते

'शारदा'नंतर अडतीस वर्षांनी, १९३७ साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' हा चित्रपट काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारित होता. विषय तोच जरठ-कुमारी विवाहाचा. कायदा होऊनही तो शिळा झाला नव्हता, कारण वयाच्या अंतरावर कायदा मौन होता. मात्र येथे वधूची जागा बदलली. शांता आपटे यांची नीरा फसवून झालेले हे लग्न मानण्यास नकार देते, घरातल्या लहान मुलीशी खेळते, गाते, आणि अंगचटीला येऊ पाहणाऱ्या, वयाने आपल्याहून मोठ्या सावत्र मुलाला छडीने बडवून काढते. या प्रसंगी चित्रपटगृहात उठणारा हशा 'शारदा'तील हशाहून वेगळा आहे. येथे अन्याय झालेली स्त्री प्रेक्षकाबरोबर हसते आहे.

केशवराव दाते यांचे काकासाहेब भुजंगनाथासारखे टिंगलीचे पात्र राहत नाहीत. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक त्यांच्या वयाची आठवण देत राहते. प्रथम त्यात थोडी गंमत वाटते. हळूहळू ती असह्य होते. म्हाताऱ्याला आपल्या हास्यास्पदतेची जाणीव झाली की त्याच्यावरचे हसणे थांबते, हे या चित्रपटाने दाखविले. नीरेची सुटका मात्र त्याला काकासाहेबांच्या आत्महत्येशिवाय साधता आली नाही. हे त्याचे दुबळेपण म्हणावे लागेल.

याच दशकात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबाची हळुवार चेष्टा करीत होते. तेथे घर गोंधळलेले असले तरी शाबूत आहे. आचार्य अत्रे यांनी एकीकडे 'साष्टांग नमस्कार' (१९३३) व 'लग्नाची बेडी' (१९३६) आणि दुसरीकडे 'घराबाहेर' (१९३४) व 'उद्याचा संसार' (१९३६) असे दोन स्वतंत्र कप्पे केले. हसण्याचे घर वेगळे आणि रडण्याचे वेगळे, ही सोय व्यावसायिक रंगभूमीला मानवली. गडकऱ्यांनी केलेले मिश्रण त्यामुळे दीर्घकाळ मागे पडले.

'गिधाडे' आणि 'महानिर्वाण'

डॉ. श्रीराम लागू यांनी १९७० मध्ये रंगभूमीवर आणलेले विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' सेन्सॉरच्या आक्षेपांमुळे गाजले, आणि त्या गदारोळात त्यातील भेसूर विनोद झाकोळून गेला. बापाने दडविलेल्या पैशाचा ठावठिकाणा काढण्यासाठी रमाकांत, उमाकांत व माणिक ही भावंडे त्याला दारू पाजतात आणि आपापसांत मारामारीचे सोंग रचतात. रचनेच्या दृष्टीने हा प्रवेश शुद्ध फार्स आहे: सोंग, गैरसमज, पाठशिवणी. फरक इतकाच की बापाला खरोखर जिवाची भीती वाटते, आणि ती खोटी नाही हे प्रेक्षकालाही कळते. 'संशयकल्लोळ'ने दिलेला निर्धास्तपणा येथे काढून घेतलेला आहे. सून रमा तेवढी या हास्याच्या बाहेर उभी राहते. शारदा-सिंधूचा धागा तेंडुलकरांसारख्या बंडखोर नाटककारालाही तोडता आलेला नाही, ही बाब त्यांच्या गौरवात सहसा नोंदविली जात नाही.

तो धागा सतीश आळेकरांनी तोडला. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९७४ साली केलेल्या 'महानिर्वाण'मध्ये चाळीत राहणारे भाऊराव मरतात आणि स्वतःच्याच मृत्यूवर कीर्तन करू लागतात. आपले दहन जुन्या स्मशानातच व्हावे असा त्यांचा हट्ट असतो; ते स्मशान तर बंद झालेले. मुलगा नाना पेचात पडतो. चाळकरी सरावल्या सफाईने उत्तरक्रियेच्या तयारीला लागतात. मरणाने थोर झालेला पिता आणि शोकाने पवित्र झालेली विधवा, हे मध्यमवर्गीय कुटुंबाचे दोन आधारस्तंभ येथे एकाच वेळी हास्यास्पद ठरतात, कारण पत्नी रमा वैधव्यात परपुरुषाच्या स्वप्नात रमते आणि त्याबद्दल तिला शिक्षा होत नाही. सिंधूला नाकारलेले हास्यपात्र होण्याचे स्वातंत्र्य रमेला मिळते. ही एक प्रकारची बरोबरी आहे, आणि ती स्त्रीच्या दृष्टीने लाभाची की तोट्याची याविषयी मतभेदास जागा आहे. कीर्तनाच्या रूपबंधाची निवडही सहेतुक दिसते. जो प्रकार गृहस्थाला नीती शिकवीत आला, त्याच्याच चालीवर येथे गृहस्थाश्रमाची तिरडी बांधली जाते.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) विनोद पुन्हा क्षीण होतो. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात किती वाजले म्हणून वारंवार विचारणाऱ्या दादीवर प्रेक्षक पहिल्यांदा हसतो, पुढे हसत नाही. 'कुंकू'तील घड्याळाशी तिचे नाते कोणी जोडल्यास ते अप्रस्तुत ठरू नये.

राजेश मापुसकर यांचा 'व्हेंटिलेटर' हा २०१६ सालचा चित्रपट या वंशातील अलीकडचा वारस होय. त्याच्या दिग्दर्शनास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. गणेशोत्सव तोंडावर असताना कामेरकर कुटुंबातील गजानन अतिदक्षता विभागात यंत्राच्या आधारे श्वास घेत आहेत आणि बाहेर मुंबई व कोकणातून गोळा झालेला गोतावळा सुतक, मिळकत आणि जुने हेवेदावे यांचा हिशेब मांडून बसला आहे. भाऊराव मेल्यावर बोलत होते. गजानन जिवंत असून बोलू शकत नाहीत, आणि त्यांच्याशी अबोला असलेल्या मुलाला आता बोलावेसे वाटू लागले आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यात चाललेल्या त्या नातेवाइकांच्या गलक्यावर प्रेक्षागृह हसते. काचेपलीकडे, यंत्र चालू ठेवावे की बंद करावे याचा निर्णय मुलानेच द्यावयाचा असतो.