रुमालाखालचा भाव आणि नभोवाणीवरील संवाद

नभोवाणीविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात संगीत, श्रुतिका आणि साहित्यिकांच्या आठवणी यांनाच मोठी जागा मिळाली आहे. बाजारभाव, घरखर्च, उद्योगधंदा आणि राहणीमान यांविषयी सकाळच्या वेळी कानांवर पडणारे बोलणे मात्र क्षणिक मानून अभ्यासकांनी बहुधा बाजूस ठेवले. भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने हे बोलणे उपेक्षणीय खास नव्हे. 'भाव सांगणे' आणि 'भाव करणे' या मराठीत दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीस एक वक्ता पुरतो. दुसरीस दोघे लागतात, आणि त्या दोघांपैकी प्रत्येकास 'इतका का?' असे विचारण्याचा अधिकार असावा लागतो. नभोवाणीने पहिली क्रिया सर्वांस उपलब्ध करून दिली, हे निर्विवाद आहे. दुसरी तिने कितपत साधली, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

या विचारास पुण्याजवळचे हडपसर हे ठिकाण सोयीचे आहे. मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बाजूस आले आणि येथील जमीन बागाइती झाली. भाजीपाला पिकवून पहाटे तो पुण्याच्या बाजारात नेणे हा येथील अनेक घरांचा व्यवसाय झाला. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी मगरपट्ट्याच्या शेतजमिनीवर, शेतकरी कुटुंबांनीच एकत्र येऊन उभारलेले, संगणक-उद्योगाचे नगर वसले. शेतकरी, कामगार आणि कचेरीतील नोकर असे नभोवाणीचे तीन प्रकारचे श्रोते अशा रीतीने एकाच गावच्या शिवारात तीन पिढ्यांत घडले. शिवाय पुणे केंद्राचे प्रक्षेपणस्थळ हडपसरचेच. सोलापूर रस्त्यावरील त्या परिसरास आणि तेथील बसथांब्यास लोक 'आकाशवाणी' म्हणतात. पुराणकथांतून अदृश्य दैवी वाणीसाठी वापरला जाणारा हा शब्द म्हैसूरच्या नभोवाणी केंद्राने १९३०-४० या दशकात उचलला आणि १९५०-६० या दशकाच्या उत्तरार्धात तो देशाच्या नभोवाणीचे नाव झाला. मराठीत तोवर रूढ झालेला 'नभोवाणी' हा शब्द हळूहळू मागे पडला. दैवी वाणीस उलट प्रश्न विचारता येत नाही, ही त्या शब्दातील अर्थच्छटा पुढील विवेचनात लक्षात ठेवावयाची आहे.

नभोवाणीपूर्वी बाजारात भाव कसा बोलला जात असे? त्याचे खरे उत्तर, तो पुष्कळदा बोलला जातच नसे, असे आहे. घाऊक व्यवहारात रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरविण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालू होती. तिला 'हत्ता' म्हणत. आडत्या आणि खरीददार यांचे हात रुमालाखाली, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्याचे डोळे रुमालावर, अशी ही रचना. व्यापाऱ्यांत संख्यांसाठी स्वतंत्र शब्द असलेली 'नंदभाषा'ही प्रचारात होती. तिच्यामुळे दोन दलाल तिसऱ्याच्या देखत निःशंकपणे किंमत बोलू शकत. गुप्त भाषांचा अभ्यास करताना आपण शब्दांची व्युत्पत्ती शोधत बसतो; परंतु अशा भाषेचे मुख्य कार्य अर्थ पोहोचविणे नसून तो तिसऱ्या माणसापर्यंत न पोहोचू देणे हे असते. बाजारातील तो तिसरा माणूस बहुतेक वेळा शेतकरी होता.

१९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३९ च्या शेतमाल बाजार कायद्याने त्यांची चौकट घातली, आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ च्या कायद्याने ती अधिक व्यापक केली. नियंत्रित बाजाराचा आग्रह उघड लिलावाचा, म्हणजे भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, मौनातून उच्चाराकडे जाण्याचा होता. कायद्याने हत्ता पद्धत एका दिवसात नाहीशी झाली नाही. काही बाजारांत ती पुढेही टिकून राहिली. तथापि उच्चारलेला भाव हाच वैध भाव, हे तत्त्व प्रस्थापित झाले. याच काळात उच्चार दूरवर नेणारे साधनही हाती आले. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. कायद्याने भाव रुमालाबाहेर काढला आणि नभोवाणीने तो बाजाराच्या आवाराबाहेर नेला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता या प्रक्षेपित भावाची भाषा पाहू. 'आवक वाढली', 'भाव उतरले', 'कांद्यास उठाव नाही', 'गूळ स्थिर', 'मागणी वाढल्याने तेजी' ही तिची परिचित वाक्ये. यांतील क्रियापदे बहुतांशी अकर्मक आहेत. भाव उतरतात; ते कोणी उतरवीत नाही. आवक वाढते, माल कोणी आणला, कोणी रोखून धरला, याचा उल्लेख वाक्यात येत नाही. बोलीत मात्र शेतकरी 'भाव पाडला' असे सकर्मक क्रियापद सहज वापरतो, आणि ज्याने पाडला त्याकडे त्याचे बोट असते. 'पडला' आणि 'पाडला' यांत एका स्वराचे अंतर आहे. परंतु एक वाक्य हवामानासारखे आहे आणि दुसरे तक्रारीसारखे. निवेदनाने पहिले रूप पत्करले. शासकीय माध्यमाच्या तटस्थतेस ते धरून होते, आणि त्यात निवेदकाचा दोष नाही. मात्र उघड झालेल्या आकड्याबरोबर त्या आकड्याचा कर्ता उघड झाला नाही, ही गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे.

मापांचाही प्रश्न होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. मण, शेर, पायली यांत विचार करणाऱ्या श्रोत्यास क्विंटल आणि किलो या शब्दांत ऐकावे लागले. आज पुण्याच्या बाजारात फळभाज्यांचा भाव दहा किलोंस आणि पालेभाज्यांचा शेकडा जुड्यांस सांगतात. मेट्रिक पद्धती आली, पण मेथीची जुडी तिच्यात विरघळली नाही. उच्चाराची भाषा वरून ठरविली तरी व्यवहार तिला आपल्या सोयीने वाकवितो, याचे हे चांगले उदाहरण होय.

भाव सांगण्यापलीकडे जाण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९५६ साली पुणे केंद्रावरून झाला. युनेस्कोच्या साहाय्याने, आणि कॅनडातील तशाच उपक्रमाचा कित्ता समोर ठेवून, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत नभोवाणी शेतकरी मंडळे स्थापन करण्यात आली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. ते सायंकाळी होत असत. आपल्या विषयातील सकाळच्या कार्यक्रमांहून त्यांची वेळ निराळी, परंतु प्रश्न तोच. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि निमंत्रक त्यांचे प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सहकार्याने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यांना आढळलेली गोष्ट आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. मंडळे असलेल्या गावांत विषयांचे ज्ञान लक्षणीय वाढले. नभोवाणी-संच असूनही मंडळ नसलेल्या गावांत ते फारसे वाढले नाही. आवाज दोन्हीकडे पोहोचला होता. उलट विचारण्याची सोय एकीकडेच होती.

ही योजना १९५९ पासून देशभर नेण्यात आली, परंतु पुण्याच्या प्रयोगातील जोम पुढे सर्वत्र टिकला नाही. या काळात पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर यांनी दीर्घकाळ काम केले. माणदेशी बोलीची जाण असलेला लेखक त्या जागी असणे, ही मराठी नभोवाणीची जमेची बाजू म्हटली पाहिजे.

शहरी कुटुंबाच्या बाबतीत संवादाने निराळे रूप घेतले. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' या मालिकेत प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही तीन पात्रे घरगुती आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलत. येथे संवादाची चौकट नात्याची आहे. भावजी आणि वहिनी यांच्यात थट्टेची मुभा असते, पंतांस मान असतो. म्हणून घरखर्चाची कुरकुर किंवा कारभाराविषयीची नापसंती या चौकटीत सहज बसते. निवेदनाच्या वाक्यात जागा नसलेला कर्ता येथे परत येऊ शकतो. श्रोता प्रत्यक्ष प्रश्न विचारीत नव्हता, हे खरे. पण त्याच्या वतीने विचारणारे कोणी तरी घरातलेच होते.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिरातींची सेवा सुरू झाली. या दिवसाचे महत्त्व केवळ आर्थिक नाही. बाजाराविषयी सांगणाऱ्या माध्यमातूनच आता बाजार स्वतः बोलू लागला. 'भाव उतरले' या कर्ताहीन वाक्याशेजारी 'आजच खरेदी करा' हे आज्ञार्थी वाक्य येऊन बसले. २००१ पासून खासगी एफ.एम. केंद्रे आली आणि सकाळच्या प्रहरी, कामावर जाण्याच्या वेळी, निवेदकाचे गप्पांच्या स्वरूपातील बोलणे रूढ झाले. त्याचा विषय राहणीमान, खरेदी, उपाहारगृहे आणि वाहतूक यांकडे का वळला, याचे कारण श्रोत्यांच्या अभिरुचीतच शोधणे बरोबर नाही. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नव्हती. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या सहक्षेपित करण्याची मुभा दिली, आणि वाहतूक, हवामान, परीक्षा, नागरी सुविधा इत्यादींची माहिती बातमीत गणली नाही. ज्या विषयांना वाट मोकळी होती, त्यांतून बोलणे वाहिले. 'पुणेकर' हे संबोधन, 'तू' आणि 'तुम्ही' यांची सरमिसळ, 'ऑफर', 'बजेट', 'सेल' हे शब्द यांमुळे ही भाषा अत्यंत जवळिकीची वाटते. तिच्यात प्रश्नार्थक वाक्येही विपुल असतात. मात्र त्यांतील बहुतेक प्रश्न निवेदकाचे असतात. श्रोत्याने दूरध्वनीवरून द्यावयाचे असते ते उत्तर. १९५६ च्या मंडळातील क्रम येथे उलटा झाला आहे.

ही सर्व वाटचाल ऱ्हासाचीच आहे, असा निष्कर्ष काढणे अनाठायी होईल. २००८ साली म्हसवड येथे सुरू झालेले 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक केंद्र स्थानिक शेतकरी आणि छोटा धंदा करणाऱ्या स्त्रिया यांना आपल्या बोलीत बोलू देते. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी'ही २००५ पासून आहे. अशा केंद्रांची पोच थोडी असते. पण त्यांच्या संवादात विचारणारा आणि सांगणारा एकाच गावचे असतात, ही गोष्ट लहान नव्हे.

तात्पर्य, मराठी समाजात भावाचा इतिहास हा उच्चाराचा इतिहास आहे. रुमालाखालचे मौन मोडण्यास कायदा आणि नभोवाणी यांनी मोठाच हातभार लावला. तथापि भाव ऐकू येणे आणि भावाविषयी विचारता येणे यांतील अंतर तांत्रिक प्रगतीने आपोआप भरून निघत नाही. आता भाव भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही दिसतो. तेथेही वाक्य बहुधा कर्ताहीनच असते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या क्षेत्राकडे वळावयाचे ठरविले, तर हडपसरची भाजी मंडई आणि जवळच मांजरीचा उपबाजार ही दोन्ही विद्यापीठापासून फार दूर नाहीत. एकाच सकाळचे प्रक्षेपित निवेदन, खासगी केंद्रावरील गप्पा आणि मंडईतील प्रत्यक्ष घासाघीस ध्वनिमुद्रित करून, त्यांतील कर्ता, संबोधन आणि प्रश्न या तीन गोष्टी मोजाव्यात. 'पडला' कोण म्हणतो आणि 'पाडला' कोण म्हणतो, एवढे जरी नीट नोंदविले गेले, तरी भाषा आणि बाजार यांच्या संबंधाविषयी आपले ज्ञान आजच्याहून पुष्कळ पुढे जाईल.