जेम्स, सर विल्यम

(सु. १७२१ – १६ डिसेंबर १७८३). ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचा प्रमुख. पुढे कंपनीचा संचालक व अध्यक्ष आणि ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद. एप्रिल १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे याच्याकडून सुवर्णदुर्ग जिंकून घेणारा सेनानी म्हणून तो कोकणच्या इतिहासात ओळखला जातो. इंग्लंडमधील त्याची पुढची सारी प्रतिष्ठा या एका विजयावर उभी राहिली.

पूर्वायुष्य : वेल्समधील पेंब्रुकशर परगण्यात, मिलफर्ड हेवन या बंदराच्या परिसरात जन्म. घराणे सामान्य. बाप पिठाची चक्की चालवत असे व मुलगा लहानपणी शेतावर राबत असे, असे सांगितले जाते. कोवळ्या वयातच तो समुद्रावर गेला. वेस्ट इंडीजकडील त्याच्या सफरी, स्पॅनिशांच्या हाती पडणे, पहिला विवाह यांविषयीच्या कथा नंतरच्या चरित्रकारांनी रंगवल्या असून त्या जपूनच घ्याव्यात. १७४७ मध्ये तो कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ मध्ये कमोडोर, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील कंपनीच्या लढाऊ जहाजांचा मुख्य अधिकारी झाला. मुंबई आरमार हे राजाच्या शाही नौदलाहून वेगळे, कंपनीच्या पैशावर पोसलेले दल होते. व्यापारी तारवांच्या काफिल्यांना सोबत करणे आणि किनाऱ्यावरील सत्तांपासून त्यांचे रक्षण करणे हे त्याचे मुख्य काम.

पार्श्वभूमी : कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक (परवाना) घ्यावे, न घेतल्यास ती धरावीत, हा त्यांचा रिवाज होता. हाच अधिकार पोर्तुगीज व इंग्रज स्वतःसाठी सांगत असत. तरीही इंग्रजी कागदपत्रांत आंग्रे सर्रास चाचे ठरवले गेले आणि जेम्सच्या बहुतेक चरित्रांत तोच शिक्का आजवर टिकून आहे. कान्होजींच्या मागे त्यांच्या मुलांत भाऊबंदकी वाढली. कुलाबा मानाजीकडे राहिला व त्याने पेशव्यांशी जुळवून घेतले. सुवर्णदुर्ग ते विजयदुर्ग हा दक्षिणेकडील भाग संभाजीकडे व त्याच्यानंतर तुळाजीकडे गेला. तुळाजी कर्तबगार दर्यावर्दी होता, पण त्याने पेशव्यांचा अधिकार जुमानला नाही. त्याला नमवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेण्याचे ठरवले. १९ मार्च १७५५ रोजी मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शियर याच्याशी तह झाला. पेशव्यांतर्फे ही बोलणी कोकणचे सुभेदार रामाजी महादेव यांनी चालवली होती. समुद्रावरील हालचालींची सूत्रे इंग्रजांकडे राहावीत व बाणकोट त्यांना मिळावे, ही या तहातील महत्त्वाची कलमे होत.

सुवर्णदुर्ग मोहीम : या मोहिमेचा तपशील प्रामुख्याने रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इतिहासकाराने दिला आहे. पुढील हकीकत बहुतांशी त्याच्याच आधारे असल्याने तीत जेम्सचे पारडे जड आहे.

२२ मार्च रोजी जेम्स मुंबईहून निघाला. ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचे जहाज, एक लहान लढाऊ जहाज आणि उखळी तोफांची दोन जहाजे एवढेच त्याच्याजवळ होते. दुसऱ्या दिवशी चौलच्या खाडीतून मराठी आरमार बाहेर पडून त्याला मिळाले. पोर्तुगीजांकडून चौल-रेवदंडा घेतल्यापासून हे बंदर मराठ्यांच्या हाती होते. ऑर्मच्या मते या आरमारात सात गुराबा (मोठी लढाऊ जहाजे), साठ गलबते आणि दहा हजार माणसे होती. मराठे समुद्रावर अन्न शिजवत नाहीत, म्हणून वाटेत एका खाडीत जेवणासाठी नांगर टाकावा लागला, असेही तो लिहितो. जहाजांवर चढवलेल्या घाटावरच्या शिपायांबाबत हे संभवते. मराठी आरमारातील कोळी, भंडारी खलाशांच्या बाबतीत ते पटण्यासारखे नाही.

सुवर्णदुर्गाच्या उत्तरेस काही अंतरावर रामाजीपंतांची फौज किनाऱ्यावर उतरून खुष्कीने पुढे गेली. तुळाजीचे आरमार हर्णैच्या बंदरात नांगरून असल्याची बातमी जेम्सला लागली होती. रात्रीच चाल करून त्याला कोंडावे, असा त्याचा आग्रह होता. मराठी सरदाराने तो मानला नाही. सकाळी शत्रूची चाहूल लागताच आंग्र्यांच्या जहाजांनी नांगरदोर सोडले व ती दक्षिणेकडे निघाली. वारा मंद होता. भार कमी व्हावा म्हणून खलाशांनी जड सामान समुद्रात टाकले आणि थोडाफार वारा धरावा म्हणून अंगावरची वस्त्रे व पागोटीसुद्धा शिडांसारखी ताणली. जेम्सने जयगडपर्यंत पाठलाग केला, पण ती हाती लागली नाहीत. ऑर्मने हा प्रसंग आंग्र्यांच्या पळापळीचा म्हणून सांगितला असला, तरी दर्यावर्दींच्या दृष्टीने तो त्यांच्या कसबाचा पुरावा आहे.

सुवर्णदुर्ग हर्णैसमोरच्या बेटावर असून त्याचा तट काही ठिकाणी खडक तासून, तर काही ठिकाणी प्रचंड चिरे रचून उभारलेला आहे. समोरच्या भूमीवर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन लहान किल्ले त्याच्या पाठीशी आहेत. २ एप्रिलला जेम्सने समुद्राकडील बाजूने मारा केला. दिवसभर तोफा चालूनही तट खचला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ‘प्रोटेक्टर’ बेट व किनारा यांमधील पट्टीत घातले. एवढे मोठे जहाज त्या उथळ पाण्यात नेण्यासाठी तळाचा ठाव घेत जावे लागते. मोहिमेतील निर्णायक धाडस हेच होय. येथून एकाच वेळी बेटावर आणि किनाऱ्यावरील किल्ल्यांवर मारा करता आला. एका गोळ्याने गवती छपराच्या कोठीला आग लागली, ती दारूकोठारापर्यंत पोहोचली व स्फोट झाला. आतील सुमारे हजार माणसे, त्यांत बायकामुलेही होती, होड्यांतून गोवा किल्ल्याकडे निघाली असता इंग्रजांनी त्यांना पकडले.

त्यानंतर गोवा किल्ल्यावर भडिमार झाला व शरणागतीचे निशाण वर गेले. शरणागतीच्या धांदलीत किल्लेदार मात्र निवडक माणसांनिशी पुन्हा बेटावर गेला. दाभोळकडून कुमक येईल या आशेवर त्याने सुवर्णदुर्ग लढवायचे ठरवले. जेम्सने खलाशी उतरवून कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला, तेव्हा किल्ला पडला. या किल्लेदाराचा हा अखेरचा प्रयत्न इंग्रजी चरित्रांत एका ओळीत उरकला जातो. तो त्याहून अधिक आदरास पात्र आहे. किनाऱ्यावरील फौजेचा वाटाही ऑर्म कमी लेखतो. रामाजीपंतांच्या वेढ्यामुळे किल्ल्यांची जमिनीकडून होणारी कोंडी इंग्रजांच्या उपयोगी पडली, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

८ एप्रिलला बाणकोट लढाईविना शरण आले. ते तहाप्रमाणे इंग्रजांना मिळाले व पुढे फोर्ट व्हिक्टोरिया म्हणून ओळखले गेले. सावित्रीच्या मुखावरील हे ठाणे कंपनीच्या कोकणातील आरंभीच्या मुलुखांपैकी होय. सुवर्णदुर्ग पेशव्यांच्या ताब्यात देण्यात आला.

विजयदुर्ग : १७५५ च्या अखेरीस जेम्सने विजयदुर्गाची टेहळणी करून, किल्ला समजला जातो तितका दुर्भेद्य नाही, असे कळवले. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी तो घेतला; जेम्स ‘प्रोटेक्टर’सह या मोहिमेत होता. आंग्र्यांचे आरमार खाडीत एकत्र बांधलेले असल्याने एका जहाजाची आग सर्वांना लागली व ते जळून गेले. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्ला पेशव्यांच्या हवाली करण्यास त्यांनी ऑक्टोबरपर्यंत टाळाटाळ केली. तुळाजी मराठ्यांच्या स्वाधीन झाला व त्याचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. आपल्याच सरखेलाचे आरमार परक्यांकडून नष्ट करवून पेशव्यांनी कोकण किनारा उघडा टाकला, असे अनेक मराठी इतिहासकारांचे मत आहे. तुळाजीचे वर्तन कितीही उद्दाम असले, तरी हे मत योग्य वाटते; त्यानंतर इंग्रजांना समुद्रावर अडवू शकेल असे मराठी आरमार पुन्हा उभे राहिले नाही.

१७५७ मध्ये फ्रान्सशी युद्ध जाहीर झाल्याची वार्ता घेऊन, वारा प्रतिकूल असताना दक्षिणेला मोठा वळसा घालून जेम्स मुंबईहून पूर्व किनाऱ्याकडे गेल्याचे सांगतात.

इंग्लंडमधील कारकीर्द : १७५९ मध्ये तो संपत्तीसह मायदेशी परतला. १७६५ मध्ये विल्टशरमधील अॅन गॉडर्ड हिच्याशी विवाह. लंडनजवळ एल्थम येथे त्याने जमीनजुमला घेतला. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न या दांपत्याचा मित्र होता. मुंबईतील कंपनीच्या नोकरशहाची पत्नी एलायझा ड्रेपर हिची व स्टर्नची ओळख १७६७ मध्ये यांच्याच वर्तुळात झाली. कंपनीच्या संचालक मंडळात जेम्सने अनेक वर्षे काढली व १७७९ मध्ये अध्यक्षपद भूषविले. नौकानयनाशी संबंधित ट्रिनिटी हाउस या संस्थेतही तो वरिष्ठ पदावर होता.

१७७४ ते १७८३ या काळात तो वेस्ट लू या मतदारसंघातून कॉमन्स सभेचा सभासद होता.

२७ ऑगस्ट १७७८ रोजी त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. हा किताब वंशपरंपरागत असला, तरी त्यामुळे लॉर्ड्‌स सभेत जागा मिळत नाही. चक्कीवाल्याच्या घरातून आलेल्या माणसाचे उमरावीपण ते एवढेच. कंपनीचा कारभार बदलू पाहणारे ब्रिटिश मंत्री फॉक्स याचे विधेयक पार्लमेंटपुढे असतानाच त्याचा मृत्यू झाला. त्याचा मुलगा १७९२ मध्ये निपुत्रिक वारला व किताब खुंटला.

स्मारक : विधवा अॅन हिने लंडनच्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये रिचर्ड जप या वास्तुकाराकडून तिकोनी, गॉथिक शैलीचा बुरूज बांधवून घेतला. सुवर्णदुर्गाच्या इंग्रजी अपभ्रंशावरून त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ पडले. आंग्र्यांची म्हणून काही शस्त्रे त्यात मांडलेली असत. ग्रिनिच व पॅरिस येथील वेधशाळा जोडणाऱ्या विल्यम रॉय याच्या त्रिकोणमितीय मोजणीत या बुरुजाचा उपयोग झाला. दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर दुरुस्ती होऊन २०१४ मध्ये तो लोकांसाठी पुन्हा खुला झाला. जेम्सच्या मोहिमेची दुसरी बाजू जाणून घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकाने पुण्यातील पेशवे दफ्तरातील आंग्रे प्रकरणाचे कागद ऑर्मच्या आधी वाचावेत.