वैरागडचे हिरे आणि खोदणारे हात

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या आग्नेयेला माहूर, ईशान्येला कळंब. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा या मुलखात फौज घेऊन उतरला, माहूरच्या बंडखोर जमीनदाराचा त्याने पाडाव केला आणि त्याच मोहिमेत गोंडवनाच्या अमलाखालच्या कळंबची हिऱ्याची खाण ताब्यात घेतली, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात आणि हिरे? शंका रास्त आहे. दिग्रस काय, कळंब काय, इथे काळ्या मातीखाली बेसाल्ट. त्या खडकात हिरा सापडत नाही. म्हणूनच ही खाण पूर्वेला दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडची असावी, असा तर्क केला जातो. हा घोटाळाच बोलका आहे. पावणेदोनशे वर्षांनी लिहिणाऱ्या फरिश्त्याला खाण कोणाच्या हाती गेली हे पक्के ठाऊक होते. ती नेमकी कोणत्या मातीत होती आणि त्या मातीवर कोण राहत होते, याची त्याला गरज नव्हती.

वैरागडचा स्पष्ट उल्लेख अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त येतो. चांद्याचा गोंड राजा बाबजी याच्याकडे हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ; हिऱ्याची खाण असलेले वैरागड त्याच्या ताब्यात; तिथे नक्षीचे कापड विणले जाते; आणि हे ठाणे त्याने नुकतेच दुसऱ्या जमीनदाराकडून हिसकावले आहे. फौज मोजली, कापडाची दखल घेतली, पण खाणीत उतरणाऱ्याबद्दल अक्षर नाही. हे काम कसे चाले याची कल्पना दक्षिणेतल्या खाणींवरून येते. सतराव्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने गोवळकोंड्याच्या राज्यातील कोल्लूरची खाण पाहिली. पुरुष पाणी लागेपर्यंत, म्हणजे बारा-चौदा फूट खोल, खणायचे. बायका-पोरे माती वाहायची. ती भिजवून, वाळवून, पाखडून खडे वेचले जात. बायका-पोरांसह साठ हजार माणसे तिथे राबत असल्याचे तो लिहितो. रावळकोंड्याच्या खाणीत मुरलेल्या कामगाराला वर्षाकाठी तीन होन मिळत. माझे म्हणणे असे की आदिवासींच्या जमिनीचे नुकसान फक्त खड्ड्यांनी झाले नाही. जमीन म्हणजे सत्तेच्या तिजोरीतली वस्तू, हा हिशेब आधी मांडला गेला. कुदळ त्यामागून आली.

यावर कोणी म्हणेल, बाबजी स्वतः गोंड होता. मग आदिवासींची खाण आदिवासींच्याच हाती नव्हती का? आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खराही. चांद्याचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ मध्ये तो मुलूख इंग्रजांच्या खालसा राज्यात आला, तेव्हा गोंडांनी राज्य गमावले यात वाद नाही. पण गोंड राजाची मालकी आणि गोंड-माडियांच्या गावाचा जंगलावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजे आपसांत वैरागड हिसकावत राहिले, तेव्हाही खोदणाऱ्याला कोणी विचारले अशी नोंद नाही. राजा आपल्या जातीचा असल्याने खाणीचा कारभार गावाचा होत नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. नदीकाठच्या गोट्यांतून हिरे वेचणाऱ्या खाणी किरकोळ होत्या, त्यांनी जंगल उजाड केले नाही. त्यांची तुलना आजच्या उघड्या खाणींशी कशाला? प्रमाणाचा फरक मान्यच आहे. कुदळीने खणलेला खड्डा हळूहळू बुजतो, वणी भागातल्या कोळशाच्या खाणीचा ढिगारा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. पण फरक वाढत गेला तसा जुना हिशेब बदलला नाही, उलट त्याला कायद्याचे बळ मिळाले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात गावाचा वावर सरकारी मेहरबानीवर आणला. इकडे वरोऱ्याची कोळसा खाण १८७१ ते १९०६ चालली. पुढे २००७ मध्ये एटापल्लीतील सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने मिळाला. माडियांच्या लेखी तिथे ठाकूरदेव राहतो आणि त्याची जत्रा भरते. सरकारी कागदात तो ३४८ हेक्टरांचा पट्टा आहे. हिऱ्यांपुरते बोलायचे तर बोत्स्वानाचे उदाहरण पाहावे. मध्य कालाहारी अभयारण्यातून तिथल्या सान आदिवासींना १९९७ आणि २००२ मध्ये बाहेर काढले गेले. त्यात हिऱ्यांचा संबंध नाही, असे सरकार सांगत राहिले. २००६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने २००२ मधले हुसकावणे बेकायदा ठरवले. तरी २०१४ मध्ये त्याच अभयारण्यात हिऱ्याची खाण सुरू झाली.

तिसरा आक्षेप आजचा आहे: खनिज देशाचे, मग मूठभर गावांनी ते अडवावे का? वीज आणि पोलाद सर्वांना लागते, हे खरे. म्हणूनच प्रश्न अडवण्याचा कमी आणि विचारण्याचा जास्त आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने विचारण्याची रीत घालून दिली, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला. तिथल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. दिग्रस संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्राबाहेर आहे. मात्र याच जिल्ह्यातील मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी तालुक्यांतली कित्येक गावे त्यात मोडतात, आणि तिथे गोंडांबरोबर कोलामही राहतात. पुढचा भाडेपट्टा लिहिला जाण्याआधी त्या गावांची ग्रामसभा बसली, आणि तिचे ‘नाही’ खरोखर ‘नाही’ म्हणून धरले गेले, तर कागदाच्या हिशेबात गावाचे नाव पहिल्यांदा येईल. ते न झाल्यास अबुल फजलच्या यादीत आणि आजच्या यादीत फरक फक्त खनिजाचा उरेल.