सदतीस अंशांची कुळकथा

मे महिन्यात जयपूरच्या चारदीवारीत दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, तरी सिरे ड्योढी बाजारात उभे राहून हवा महालाचे 953 झरोके मोजण्याच्या फंदात पडणारे असतातच. सवाई प्रतापसिंहांनी 1799 साली लालचंद उस्तादांकडून हा महाल उभारून घेतला. वरचे मजले जेमतेम एका खोलीच्या जाडीचे, म्हणून वारा आरपार जातो. पण झरोक्यांना गारठा कळत नाही. थंडीत कवाडं माणसानेच लावायची. खाली उभ्या माणसाच्या अंगातली कवाडं मात्र आपोआप उघडतात आणि मिटतात. बाहेर काहीही असो, आत साधारण 37 अंश.

याचा छडा लावायला चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सोबती 1774 साली लंडनमध्ये चक्क भट्टीसारख्या खोलीत शिरले. तापमान पुढे सव्वाशे अंशांपर्यंत नेलं. सोबत नेलेली अंडी भाजून टणक झाली, मांस शिजून कोरडं पडलं. माणसं धडधाकट बाहेर आली. तिथल्या उघड्या भांड्यातलं पाणी मात्र उकळेना. वर तेल सोडून वाफ अडवली, तेव्हा उकळलं. घामाची सगळी किमया त्या भांड्यात होती.

पण घाम कधी सोडायचा, हे ठरवतं कोण? शरीराच्या आतला परिसर स्थिर असतो, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी मांडलं होतं. 1912 मध्ये हेन्री बार्बर यांनी सशाच्या मेंदूत बारीक नळी बसवून त्यातून गरम पाणी फिरवलं, तर अंग गार पडू लागलं. गार पाणी फिरवलं, तर ससा कुडकुडून तापू लागला. मला हा प्रयोग ब्लॅग्डेनच्या धाडसापेक्षा मोठा वाटतो. मेंदू स्वतःचंच तापमान चाचपतो आणि त्याच्या उलट हुकूम सोडतो, हे त्यातून उघड झालं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी 1926 साली या कारभाराला ‘होमिओस्टॅसिस’ म्हटलं, तेव्हा त्यात साखर, क्षार, पाणी सगळंच आलं.

जयपूरच्या कोरड्या लूमध्ये घाम दिसण्याआधीच उडतो. गारवा मिळतो, पण पाणी किती गेलं ते कळत नाही. रक्त किंचित दाट होताच मेंदू तहान लावतो आणि मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगतो. पाऊस आला की हवा दमट होते. मग तोच घाम न उडता नुसता ओघळतो, अंग निवत नाही, म्हणून मेंदू आणखी घाम मागतो.